पाच नंबरच्या टाकीची वही

डिंडोली, सुरत
२० जानेवारी १९९७

चि. सरलास अनेक आशीर्वाद.

सवयीने 'चि. सौ.' लिहून गेले होते. तो कागद फाडला. हा दुसरा.

मागच्या बाजूचं नाव वाचून हे पत्र तुला चुलीत घालावंसं वाटेल. घाल, पण वाचून घाल. सव्वादोन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही आणि तूही मला नाही. थोरली मी आहे, तेव्हा पहिली ओळ माझ्याकडूनच यायला हवी होती.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी उधन्याच्या त्याच कारखान्यात आहेत, तीच बारा तासांची पाळी. प्रियांका सातवीत, अक्षय पाचवीत. अक्षय घरातही गुजरातीच बोलतो, रागावला तर हिंदीत. तू राहायचीस त्या शेजारच्या खोलीत आता नंदुरबारकडचं एक कुटुंब आलंय. बाई बरी आहे, पण भिंतीवर वाटी आपटून हाक मारत नाही.

माशांच्या टाक्या तेव्हा सात होत्या, आता नऊ आहेत. पलंग बाहेर काढावा लागला. तू त्याला माझी शाळा म्हणायचीस आणि दारात पाय ठेवला की विचारायचीस, "बाई, आज सगळे मासे हजर का?" अजून तसंच आहे. प्रत्येक टाकीला तिची वही, वरच्या खिळ्याला सुतळीने टांगलेली. किती बादल्या पाणी बदललं, खायला काय घातलं, पिल्लं किती झाली, औषध कोणतं दिलं, हे सगळं त्याच दिवशी लिहायचं. मेलेला मासा लाल शाईने. तुझे भाऊजी हसतात, पण ही रीत मी त्यांच्याकडूनच उचलली. कारखान्यात प्रत्येक लूमचं वेगळं कार्ड असतं, आणि एका लूमचा बिघाड दुसरीच्या कार्डावर चढवला तर मुकादम त्या माणसाला घरी बसवतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. उत्तरायणाला शालिग्राम मामा आले होते. पोरं पतंगांसाठी गच्चीवर होती आणि मामा माझ्याजवळ बसून तुमच्या गावाकडचं सांगत होते. म्हणाले, ज्योती आठवीत गेली, हुशार आहे, पण आईशी धड बोलत नाही. तुझ्या सासूबाई उठता-बसता ऐकवतात, हिने एक दिवस आधी हातपाय हलवले असते तर माझा मगन आज जिता असता. आणि आता पोरगीही तेच बोलते. मामांच्या देखत ती तुला म्हणाली, "तू एक दिन उशीर कया, माय." तू मान वर न करता भाकरी थापत राहिलीस. मामांनी नंतर तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "खरं शे ते. ताईनी वहीमा लिखेल व्हतं."

सरला, त्या प्लेगच्या दिवसांत कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मगनराव तापले बुधवारी. माझ्या पाच नंबरच्या वहीत लिहिलं आहे की गुरुवारी मी टेट्रासायक्लिनच्या सगळ्या कॅप्सूल माशांच्या पाण्यात घातल्या. प्लेगवर तेच औषध चालतं म्हणून तू मागायला आलीस शुक्रवारी. म्हणून तू धरून बसलीस की गुरुवारी सकाळी आली असतीस तर त्या मिळाल्या असत्या. असं काही नसतं गं. ज्योतीला सांग की असं काही नसतं. वहीत लिहिलेलं सगळंच इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं.

तब्येतीला जप.

तुझी ताई,
उज्ज्वला

---

डिंडोली
९ फेब्रुवारी १९९७

चि. सरलास आशीर्वाद.

माझं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. उत्तर नाही आलं, त्याचंही नवल वाटलं नाही. त्यात उत्तर देण्यासारखं होतं तरी काय! 'असं काही नसतं' लिहून मी मोकळी झाले. ते पत्र पेटीत टाकून घरी येईतो मलाच माझी लाज वाटू लागली.

मामा गेल्यापासून मला ती भाकरी थापणारी तू दिसतेस. तू कधी कोणाचं ऐकून घेणारी नव्हतीस. आपल्या चाळीत पाण्याच्या नळावर सगळ्या बायका तुला वचकून असत. मगनराव म्हणायचे, हिच्याशी भांडण्यापेक्षा लूमचा धोटा छातीवर घेतलेला परवडला. त्या तुझ्यासारखीला तुझ्या पोटची पोर बोलते आणि तू 'खरं शे' म्हणतेस.

तेव्हा हे नीट वाच. वहीतली ती ओळ गुरुवारी लिहिलेली नाही. ती शुक्रवारी लिहिली आणि तारीख गुरुवारची घातली.

कॅप्सूल मी सोमवारी आणल्या होत्या, तेव्हा प्लेगचं नावही कोणी काढलं नव्हतं. पाच नंबरमधल्या काळ्या मॉलींच्या शेपट्या सडत होत्या, आणि माशांच्या दुकानदाराने सांगितलं होतं की कॅप्सूल फोडून पाण्यात टाका. दोन पाकिटं, वीस कॅप्सूल. तू स्वतः त्या माझ्या हातात बघितल्या होत्यास आणि हसली होतीस, माणसाला गोळी नाही आणि मासळीला कॅप्सूल. गुरुवारी त्या घरात होत्या. शुक्रवारी सकाळी, तू यायच्या थोडं आधी, मी त्या टाकीत घातल्या. मग तू आलीस आणि माझ्या तोंडून 'काल' निघून गेलं. पुढे तारीखही तशीच लिहिली गेली.

म्हणजे एक दिवसाचा उशीर झाला नव्हता. झाला असेल तर तासा-दोन तासांचा, आणि तासाला कोण काय करणार? ज्योतीला हे सांग. सासूबाईंनाही सांग.

इकडे थंडी ओसरली. फायटर मादीने अंडी घातलीत, नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करून राखण करतोय. सहा नंबरच्या वहीत लिहून ठेवलंय.

तुझी,
ताई

---

डिंडोली
१२ मार्च १९९७

सरला,

मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं.

अर्ध्यावर थांबले. वाटलं होतं तेवढ्याने तुझं ओझं उतरेल आणि माझंही झाकलं जाईल. पण त्यात मी तुझ्या गळ्यात एका दिवसाऐवजी दोन तास अडकवले. परवा तुझ्या भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनाही आजवर ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "लिही तिला. पण आपल्या पोरांना कळू देऊ नको." पहिलं ऐकते आहे. दुसऱ्याचं अजून ठरलं नाही.

त्या कॅप्सूल मी टाकीत घातल्याच नाहीत. गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही.

शुक्रवारचा दिवस सांगते. गुरुवारी रात्रीपासून चाळीत कुजबुज होती. सकाळी तुझे भाऊजी उधन्याहून परत आले ते कारखान्याला कुलूप बघूनच. म्हणाले, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, औषधाच्या दुकानांत कॅप्सूल उरली नाही, डॉक्टरांच्या पाट्या तेवढ्या आहेत आणि डॉक्टर गावाला. अक्षयचं अंग सकाळी कोमट लागलं. सर्दी होती, दुसरं काही नव्हतं. पण त्या दिवशी सर्दी म्हणजे सर्दी वाटायची नाही. मी ती दोन पाकिटं माशांच्या डब्यातून काढली आणि ज्वारीच्या कोठीत, ज्वारीच्या खाली, कोपरापर्यंत हात घालून ठेवली.

दुपारी तू दारात आलीस. चप्पलही घातली नव्हतीस. म्हणालीस, "ताई, त्यास्ले ताप उतरत नही. तुनाकडे कॅप्सूल शेतस ना?"

मी म्हटलं, "नही वं. काल मासास्ले टाकी दिन्यात."

"बठ्ठ्या?"

"बठ्ठ्या."

सगळ्या म्हटल्यावर तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि दुकानं शोधायला पळालीस. विसातल्या दहा देता आल्या असत्या, सरला. पाच तरी. ते तेव्हाही मला कळत होतं. मनात एवढंच होतं की माझी दोन आहेत, आणि दोघांना पुरायला हव्यात. आणि तुझ्या तोंडावर 'आहेत पण देत नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. पाठच्या बहिणीला नाही म्हणणारी म्हणून उद्या आपल्या माहेरी कोणी बोललं असतं, हाही विचार त्या घडीला डोक्यात आला. माणूस मरायला टेकलं असताना मी माहेरच्या बोलण्याची काळजी करत होते.

तू गेल्यावर भीती वाटली. मला ठाऊक होतं तुझा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही, वहीवर आहे. कधी वाद झाला की तूच म्हणायचीस, ताई फेकेल पण तिची वही फेकणार नाही. म्हणून पाच नंबरची वही काढली आणि लिहिलं: 'ता. २२, गुरुवार. टेट्रासायक्लिन २० कॅप्सूल. पाणी बदलले नाही.' पेनची शाई ओली होती म्हणून पदराने टिपली.

संध्याकाळी तू रिकाम्या हाताने आलीस. माझ्याशी बोलली नाहीस. सरळ खिळ्यावरची वही काढलीस, पान उलटलंस, वाचलंस. मग ती परत टांगलीस. टाकीकडे तू नजर टाकली असतीस तर तुला सगळं कळलं असतं. ते औषध पडलं की पाणी पिवळं होतं, वर फेस येतो. पाच नंबरचं पाणी स्वच्छ होतं. पण तू टाकी बघितली नाहीस, तू माझं अक्षर बघितलंस.

पुढचं तुला माहीत आहे. रिक्षा कोणी थांबवेना. तुझ्या भाऊजींनी आणि तू मगनरावांना भाजीच्या हातगाडीवर, त्या लारीवर घालून नेलं. दवाखान्यात औषध सुरू झालं, पण रविवारी पहाटे ते गेले. कागदावर न्यूमोनिया लिहिलं, लोक प्लेगच म्हणाले. शुक्रवारी दुपारी कॅप्सूल पोटात गेली असती तर वाचले असते का, ते मला ठाऊक नाही. कदाचित नसतेही वाचले. पण ते म्हणायचा हक्क दुसऱ्या कोणाचाही आहे, माझा नाही.

आणि शनिवारी आम्ही निघालो. तू दवाखान्यात एकटी होतीस, ज्योती तिच्या आजीकडे गावाला. मी पोरांना घेऊन तुझ्या कुलूप लावलेल्या दारावरून गेले. कडोदऱ्यापर्यंत पायी गेलो, तिथे ट्रक मिळाला. वीस कॅप्सूल माझ्या कमरेच्या पिशवीत होत्या. पोरांना वाटेत काही झालं नाही. गावीही काही झालं नाही. अक्षयची सर्दी तिसऱ्या दिवशी आलं घातलेल्या चहाने गेली. त्या वीसांतली एकही कॅप्सूल कोणाच्या पोटात गेली नाही, सरला. त्यांची तारीखही कधीच उलटली. त्या अजून माझ्याकडे आहेत. टाकून देता आल्या नाहीत.

परत आलो तेव्हा फक्त दोन नंबरच्या टाकीतल्या गप्पी जिवंत होत्या. बाकी सगळ्या टाक्यांना वास सुटला होता. मी एकेक वही काढून लाल शाईने लिहीत गेले. पाच नंबरच्या अकरा मॉली मेल्या होत्या, त्यांना औषध मिळालंच नव्हतं. पण वर ती ओळ होती. मग तिच्याखाली लिहावं लागलं, 'औषध देऊनही मेल्या.' एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं. त्या दिवसापासून त्या वहीत मी काही लिहिलं नाही, आणि त्या टाकीत मासाही सोडला नाही.

तू मला माशांसाठी वेडी झालेली बाई समजलीस. मी समजू दिलं. वेड्या बाईला कधी ना कधी माफ करतात, असं वाटायचं. तुझ्या नवऱ्यापेक्षा माझी पोरं मोठी मानली, हे कळलं तर कोण माफ करेल? तू माझा तिरस्कार कर, तेवढं मी सोसेन. पण त्या खोट्या तारखेवरून तू स्वतःला खाते आहेस, हे मला मामांकडून कळलं. ते नाही सोसवत.

तू उशीर केला नाहीस. बुधवारपासून त्यांच्या कपाळावरची पट्टी तू वाळू दिली नाहीस. दुपारी आलीस तेव्हा कॅप्सूल होत्या. मी दिल्या नाहीत. हे पत्र ज्योतीला वाचू दे.

उज्ज्वला

---

डिंडोली
१८ एप्रिल १९९७

चि. सरला,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनच्या हातात तुझं अक्षर दिसलं आणि मी ते तिथेच ओट्यावर वाचलं.

उघड्या कार्डावर लिहिलंस, तेही मुद्दाम असेल. पोस्टमनने वाचलं असेल तर वाचू दे. चार वाक्यं आहेत. ज्योतीला तू पत्र दाखवलं नाहीस. मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, यावं आणि मगनरावांच्या नावाने भरायच्या घागरीपुढे, सासूबाईंच्या आणि ज्योतीच्या समोर, माझ्या तोंडाने सांगावं. वही आणि कॅप्सूल सोबत आणाव्यात.

येते.

चौथं वाक्य म्हणजे तुझा प्रश्न. मगनरावांना ठाऊक होतं का, तू विचारलंयस. माझ्याकडे औषध आहे हे त्यांना कळलं होतं का, आणि ते मला काही बोलले होते का.

याचं उत्तर मी आधी एका कागदावर लिहिलं. त्यात लिहिलं की लारीवर घालताना ते मला खुणेने जवळ बोलावून म्हणाले, ताई, राहू द्या, पोरांना ठेवा. फार छान लिहिलं होतं. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तुलाही आलं असतं आणि माझा निम्मा तरी अपराध तू पोटात घातला असतास. तुझे भाऊजी रस्ता बघायला पुढे गेलेले, साक्षीदार तर कोणीच नाही. तो कागद मी फाडला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. अडीच वर्षांनीसुद्धा माझा हात आधी खोट्याकडेच जातो.

खरं एवढंच आहे. त्यांना ठाऊक नव्हतं. लारीवर घालताना मी माझ्या उंबऱ्यात उभी होते, पदर नाकाला लावून. पायरी उतरले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, पोरं बरी शेतस ना?"

मी हो म्हटलं.

आणखी काही बोलले नाहीत. तू पुढे होतीस, लारीचा दांडा धरून, म्हणून तुला ऐकू गेलं नसेल.

आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या गाडीने निघते. प्रियांकाला सगळं सांगितलं आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग म्हणाली, माझ्यासाठी असं काही करायला मी तुला सांगितलं नव्हतं. खरंच आहे तिचं.

ताई

---

डिंडोली
१३ मे १९९७

चि. सरला,

निघताना तू म्हणालीस, आता पत्र पाठवू नको. तुझा शब्द मोडून हे एकच लिहिते आहे. का ते शेवटी कळेल, म्हणून वाच.

तुझ्या दारी मला पाणी मिळालं, बसायला गोणपाट मिळालं. सगळ्यांची पुरणपोळी झाली, मला कोणी वाढली नाही. त्याचा राग नाही. 

मगनरावांच्या नावाची घागर भरून, तिच्यावर आंबे आणि सांजोऱ्या ठेवून तू बाजूला झालीस. मी वही उघडून ती ओळ वाचली, मग कशी लिहिली ते सांगितलं. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. पाठ म्हणावा तसं म्हणत गेले. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "मंग मना पोऱ्यानं औषिद हाई सटवीनी कोठीमा पुरेल व्हतं?" मी हो म्हटलं. त्यांनी मला शिव्या दिल्या, त्या मला पोचल्या. इतकी वर्षं त्या तुला मिळत होत्या.

मग ज्योती पुढे आली. कॅप्सूल माझ्या हातून घेतल्या आणि जमिनीवर मांडून मोजल्या. एक, दोन, तीन. मोठ्याने मोजत होती. वीसपर्यंत आली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तिचा आवाज तेराव्या कॅप्सूलला फाटला. तू तेव्हा उठून आत गेलीस आणि दार लोटून घेतलंस. तुझा हुंदका बाहेर ऐकू येत होता. इतक्या दिवसांनी तू घरच्यांना ऐकू जाईल असं रडलीस, असं ज्योतीच मला नंतर म्हणाली.

तू आत होतीस तेव्हा बाहेर जे झालं, ते हुंदक्यांत तुला ऐकू आलं नसेल, आणि कोणी सांगितलं असेल असंही मला वाटत नाही. ज्योती लाजाळू आहे, ती सांगणार नाही. तुझ्या सासूबाई तर नाहीच नाही. मी बाहेरची, उद्या मेले की ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल. म्हणून हे पत्र.

ज्योतीने मोजून झालेल्या कॅप्सूल तशाच टाकल्या आणि तुझ्या बंद दाराशी गेली. दार उघडलं नाही. कपाळ दाराला लावून उभी राहिली. सासूबाई शिव्या थांबवून म्हणाल्या, "जाऊ दे, तुनी मायले बी दुसरीकडे कोठे मांगाले जाता उनं असतं. हात बांधीसन बठनी." शेवटी सवयच ती.

पोर वळली. सरला, तिचा चेहरा हुबेहूब तुझा होता, नळावरचा. ती तिच्या आजीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मनी मायनी काहीच चुकी नही. आजपाईन तिले कोनी काही म्हनानं नही. मी बी नही."

आजी म्हणाल्या, "माले शिकाडस का?"

ज्योती म्हणाली, "हां."

मग ती तुझ्या दाराबाहेर जमिनीवर बसली आणि तू बाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही. तू आलीस, पत्राचं बोललीस, आणि मी पिशवी उचलून गाडीच्या वाटेला लागले तेव्हाही ती तिथेच होती.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दुपारचे दोन वाजले असतील. यात एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

उज्ज्वला